खुर्चीवरचं वाळकं फळ

इंग्लंडच्या खेड्यातल्या त्या जुन्या हवेलीत प्रत्येक खुर्चीवर पाइनचं वाळकं फळ ठेवलं होतं. अर्थ एवढाच, की इथे बसू नका. गुडघे दुखणाऱ्या आईनं ते उचलून ओटीत घेतलं आणि खुशाल बसली. देखरेखीवरच्या वृद्ध बाई आमच्याकडे निघाल्या. ही हवेली जिच्यावर उभी राहिली, त्या वसाहतींच्या लुटीवरचं भाषण माझ्या जिभेवर तयारच होतं. बाईंनी मात्र स्वतःची खुर्ची उचलून आईसाठी गुलाबांसमोरच्या खिडकीशी ठेवली.

मी फळाचा अर्थ सांगितल्यावर आई ओशाळली. “आधी सांगायचंस ना गं! आता भांडू नकोस, हात दे.”

लूट ती लूटच, उद्याही माझ्या लेखात मी तेच छापीन. पण आईला कुणी दरडावून उठवलं नाही, या विचारानं केवढं हायसं वाटलं! बाहेर बागेतली बाकं मोकळीच होती. तरी आई आधी हात फिरवून बघायची, मगच बसायची.