डाव्या काउंटरचा बोल्ट

आमच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ बाईंनी सांभाळून घेतलं, म्हणून मी आज नोकरीत आहे. हे आधी सांगतो, बाकीचं नंतर.

मी चिखलीचा. सातवीतून शाळा सोडली, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर झालो. तिथून मुंबईला, या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर कामाला निघालो तेव्हा बायको म्हणाली होती, "काही मोडू-गिडू नोका बरं तिथं."

यंत्रातून इलेक्ट्रॉनांचा झोत येई. हे कण भोवऱ्यासारखे फिरतात म्हणे. त्यातले किती एकाच दिशेनं फिरतात, ते बाईंना मोजायचं होतं. झोत सोन्याच्या पातळ वर्खावर आदळायचा आणि डावी-उजवीकडचे दोन काउंटर उडालेले कण मोजायचे. दोघांतल्या फरकावरून उत्तर निघे. फिरण्याची दिशा उलटवली की जास्तीची बाजूही उलटायला हवी. ती उलटेचना. डावी आपली सदा पुढे.

मला लगेच माझा बोल्ट आठवला. सोमवारी डाव्या काउंटरची बैठक सैल वाटली, म्हणून जिनातल्या सवयीनं मी बोल्ट करकचून आवळला होता. कुणाला विचारलं नव्हतं. सांगितलं तर घरी पाठवतील, म्हणून दोन दिवस गप्प.

बुधवारी बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या बाजारात काट्याचा संशय आला तर काय करता?"

"या पारड्यातला माल त्या पारड्यात टाकून पाह्यतो, बाई. तरी तेच पारडं खाली, तं खोट काट्यात."

"मग करा तसंच."

दोन्ही काउंटरांची अदलाबदल केली. तरी डावी बाजूच जास्त. म्हणजे काउंटर चांगले, खोट बैठकीत. बाई वाकून तिकडे पाहू लागल्या आणि मला राहवलं नाही.

"थो बोल्ट म्या आवळला, बाई. मले वापस पाठवू नोका."

"कधी?"

"सोमवारी."

"मग सोमवारीच सांगायचं ना! दोन दिवसांची मोजणी गेली माझी." चिडल्या होत्या. पण मापपट्टी माझ्याच हातात दिली. बैठक केसभर वर्खाकडे सरकली होती. ती जागेवर आणली, मग दिशा उलटवली. आकडे उजवीकडे वाढले.

प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "चूक कुणाची?"

बाई म्हणाल्या, "माझी. मी तपासून घेतलं नाही."

मी खाली मान घालून पाना पुसत राहिलो.

एक दिवस बाईंना चिखलीला नेईन, बायकोच्या हातची भाकर खाऊ घालीन. तेवढ्यानं त्यांचं ऋण फिटणार नाही, मला ठाऊक आहे. पण फेडीन, नक्की फेडीन.