भिंतीला विचारून

शेजारची मीरा आमच्या सोसायटीच्या भिंतीवरून उडी मारायची, पण त्याआधी भिंतीवर तळहात टेकवायची. मी एकदा विचारलं, ‘‘हे काय गं?’’

‘‘पार्कूर, काका. भिंती, कठडे ओलांडत धावायचा खेळ. आधी भिंतीला विचारायचं, पेलशील ना मला? मग पलीकडे आवाज न करता उतरायचं.’’

आडवं येतं ते अडवायलाच असतं, असं मी जन्मभर धरून चाललेलो. सोसायटीच्या सभेत भिंतीवर काचा बसवायचा विषय निघाला, तेव्हा सवयीनं माझाही हात वर गेला.

आज सकाळी तिनं काचांखालच्या ओल्या सिमेंटलगत तळहात टेकवला, जरा थांबली आणि फाटकाकडे वळली. भिंतच ‘नाही’ म्हणाली, असं तिला वाटलं असेल. भिंत बिचारी पेलायला तयार होती. ‘नाही’ मी म्हणालो होतो.