घासलेले थालर

थालर म्हणजे जर्मन संस्थानांची जुनी, जड चांदीची नाणी, तीन-चारशे वर्षांपूर्वीची. ग्वाल्हेरात ती जमवणारे आम्ही दोघंच असू, मी आणि माझी बायको. पहिलं नाणं दौलतगंजातल्या एका सराफाने वितळवायला काढलं होतं. बायको कॉलेजात इतिहास शिकवायची. तिने ते उचललं, उन्हात धरलं आणि काठावरची लॅटिन अक्षरं दुकानातच लावत बसली. पुढे लिलावांतून, ओळखीपाळखीतून एकेक येत गेलं. मूलबाळ नव्हतं आम्हाला. संध्याकाळी नाणी काढून त्यांच्याबद्दल बोलत बसायचं, हाच संसार. तिचं लाडकं नाणं होतं रानमाणसाचं. अंगभर केस, हातात मुळासकट उपटलेलं झाड.

मग ती विसरायला लागली. आधी शब्द, मग रस्ते. खासगी बाजार या जवळच्या पेठेतून घरी येताना वाट चुकली, तेव्हा मी तिला दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, "अब ये बढ़ेगा ही. आप ख़ुद को सँभालिए."

दिवाळीच्या तोंडावर बँकेच्या कामासाठी सिटी सेंटरला गेलो होतो. परत आलो तर ती मोरीत बसलेली. शेजारी चिंच, राख, भांड्यांची घासणी. टॉवेलवर सगळे थालर मांडलेले, स्टीलच्या वाट्यांसारखे पांढरेफटक. शतकांनी चांदीवर चढवलेला काळसर रंग निघून गेला होता. जमवणाऱ्यांना तोच मोलाचा, आणि तो पुन्हा येत नाही. नाण्यांवरच्या राजेरजवाड्यांच्या चेहऱ्यांवर बारीक ओरखडे उठले होते.

"किती काळी पडली होती हो," ती म्हणाली. "लक्ष्मीपूजनात अशीच ठेवायची का?"

मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. रागवायचं तरी कुणावर? रानमाणसाचं नाणं पुसून तिच्या तळहातावर ठेवलं.

"हा कोण, सांग बरं."

तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं. "हनुमानजी हैं क्या?" मग नाणं माझ्यापुढे करत म्हणाली, "तुमचं आहे का हे? छान आहे."

पूजेला तिने प्रत्येक नाण्याला हळदकुंकू वाहिलं. आरती मात्र तिने एक शब्द न चुकता म्हटली.

नाण्यांचा डबा आता कपाटात आहे. मी तो उघडत नाही. संध्याकाळी आम्ही अजूनही समोरासमोर बसतो. ती खिडकीबाहेर बघते. मी तिच्याकडे बघतो.