पाचोडच्या बाजारातलं पोतं

मोसंबी सोलताना सालीचा वास बोटांना लागला, की मला पाचोडचा बाजार आठवतो. मी टुरिस्ट गाडी चालवतो. त्या दिवशी चिकलठाण्याच्या विमानतळावरून दिल्लीत राहणाऱ्या एक वयस्कर मराठी बाई गाडीत बसल्या. रोज वेरूळ-अजिंठा करून माझी कंबर धरली होती, आणि या म्हणाल्या, "मोठमोठं बघून थकले हो मी. जिथं तिकीट लागत नाही असं एखादं गाव दाखवा." पाचोडला बाजाराचा दिवस होता, तिकडंच गाडी वळवली. ऊन, धूळ, मिरच्यांचा ठसका आणि जिकडंतिकडं मोसंबीचे ढीग. बाई थोडं चालल्या आणि धाप लागून थांबल्या. एका ढिगामागं बसलेल्या मावशीनं लगेच सरकून आपल्या पोत्यावर जागा केली. "बसा हितं. कुठून आल्या?" दिल्ली ऐकून ती हसायलाच लागली. "अन् हितं काय बघायचं व्हय?" बाई म्हणाल्या, "काहीच नाही, म्हणून तर आले." मावशीनं मोसंबी सोलून त्यांच्या हातात ठेवली. मी सवयीनं मागं उभा होतो, हातात गाडीची चावी. तिनं मान वर केली. "अन् तुमी कशापायी उभे? लई दमल्यावानी दिसता. टेका की जरा." मी बसलो. अर्धी मोसंबी माझ्याही हातात आली. आजही लेण्यांच्या पार्किंगमध्ये मी गाडीला टेकून तासन्‌तास उभा असतो. प्रवासी विचारतात, इथं अजून काय बघण्यासारखं आहे? पाचोड ओठांवर येतं. पण मी सांगतो, अजून काही नाही. तेवढी एक जागा मला बसायला राहू दे.