रिठ्याची बदनामी

आमच्या घरात आजही मासे शिजले की माझ्या बायकोची थट्टा होते. तिनं एका धुण्यात बोडीतले सगळे मासे मारले होते, अशी ती गोष्ट आहे. साठ वर्षं मी त्या थट्टेत हसत आलो. आता खरं लिहितो.

नागभीडपासून चार कोसांवर आमचं गाव. धानाच्या बांधाला लागून आमची बोडी, म्हणजे लहानसं तळं. त्यात मासेमारी करणारा एक ढीवर भाऊ मासे पाळायचा आणि अर्धे आम्हाला द्यायचा. एकोणीसशे पन्नासच्या दशकात माझं लग्न झालं. बायको आली ती धुण्याची विद्या घेऊन. रिठे फोडून टरफलं आदल्या दिवशी भिजत घालायची, चुलीची राख पाण्यात ढवळून वरची निवळी काढायची आणि दोन्ही एकत्र करून धोतरं उकळायची. उरलेल्या टरफलांनी पितळी भांडी घासायची आणि ते पाणी वांग्याला घालायची. वाया जायचा तो फक्त तिचा नवरा, असं ती म्हणे. गावातल्या बाया मडकं घेऊन तिच्या दाराशी यायच्या, आणि माझ्या वहिनीला ते फारसं आवडायचं नाही.

उन्हाळ्यात एकदा धुणं बोडीवर नेलं. पाणी खाली गेलेलं होतं. मी मडकं ढवळत होतो आणि बायको म्हणत होती की, तुमच्या हातून फेसही येत नाही. तेवढ्यात ती शिदोरी आणायला घरी गेली. मला वाटलं, हिला दाखवूच. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरलेली ढेप बांधावर पडली होती. ती फेसाळते, हे मला ठाऊक होतं. चांगली दोन टोपल्या कुटून मडक्यात घातली. फेस उतू गेला, आणि वासही असा आला की ती लगेच ओळखेल. मी घाबरून सगळं बोडीत ओतलं आणि मडकं विसळून उरलेल्या रिठ्याच्या पाण्यानं पुन्हा भरून ठेवलं.

संध्याकाळपर्यंत मासे पोट वर करून तरंगायला लागले. रिठ्यानं मासा गुंगतो, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून नाव रिठ्यावरच आलं. ढीवर भाऊनं ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि मला बाजूला नेलं.

"भाऊ, रिठ्यानं मासा भोवंडते, असा मरत नाई."

त्यानं ते गावात कोणाला सांगितलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मी त्याच्यासाठी माशांची पिल्लं आणून सोडली. तेवढ्यावर भागलं, असं मी ठरवून टाकलं.

बायकोनं रिठे सोडले. बाजारातली साबणाची पिवळी वडी घरात आली, बायांची मडकी यायची बंद झाली. वहिनी मात्र धुणं निघालं की म्हणायची, "आधी मासे मोजून ठेवा." सगळे हसायचे, मीही.

गेल्या महिन्यात बायकोला सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "वहिनीले सांगतलं का?" आणि मला वहिनीसमोर नेऊन बसवलं. वहिनीला आता कमी ऐकू येतं. त्यामुळे माझा गुन्हा मला ओरडून सांगावा लागला. ढेपेपर्यंत पोचलो तेव्हा शेजारचे कुंपणापाशी जमले होते.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि ती माझ्याऐवजी बायकोकडे वळली. "मंग इतके वर्ष तू काऊन नाई बोलली? मी म्हणत राह्यली अन् तू आयकत राह्यली."

"मी काय बोलू? मले तर वाटे, माह्याच हातानं मेले."

मला वाटत होतं, तिला फक्त थट्टा सोसावी लागली. ते मासे ती इतकी वर्षं स्वतःच्या अंगावर घेऊन बसली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून तर तिनं नातवंडांच्या केसांनाही कधी रिठा लावला नाही.

वहिनीनं तिचा हात धरला आणि रिठे किती आधी भिजत घालायचे, ते विचारलं. तिला शिकायचं होतं म्हणे. मग दोघी पाऊण तास बोलत बसल्या. मला कोणी चहा विचारला नाही.

घरी आल्यावर बायकोनं माझं धोतर, रिठे, राखेचं टोपलं आणि मडकं माझ्यापुढे ठेवलं. "फेस काढून दाखवा," म्हणाली, आणि मी काय काय घालतो ते बघायला शेजारी पाट घेऊन बसली.