जमिनीवरून उठण्याचा लेख

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की माझा लेख वाचूनच माणूस इतका दमतो की पुन्हा वेगळ्या व्यायामाची गरज उरत नाही. आणि हे ती चारचौघांत म्हणते. शहापुरात सिमेंट-पाइपच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझी व्यायामशाळा आहे. त्याआधी एकोणीस वर्षं मी शाळेत पी.टी. शिकवली. शिट्टी वाजवली की अख्खं मैदान रांगेत उभं राहायचं, त्यामुळे आपल्या शब्दाला वजन आहे असा माझा पक्का समज होता. त्याच समजापोटी व्यायामशाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी मी आरोग्यावर बावीस लेख लिहिले. 'सर्वप्रथम मेरुदंड ताठ ठेवून उभय पावलांत समान अंतर राखावे,' अशी माझी भाषा. लेख टाकला की दहा-बारा जण हात जोडायचे आणि पुढच्याच मिनिटाला कुणीतरी विकायला काढलेल्या मोटरसायकलचा फोटो टाकायचं. वाशिंदच्या कारखान्यात काम करणारा एक जण रोज नेमाने व्यायामाला येतो. त्याने एकदा सरळ सांगून टाकलं, सर, मी मेरुदंडापर्यंत वाचतो.

खरं सांगायचं तर बावीसपैकी एकवीस लेख मी मिरवायला लिहिले होते. एक मात्र आईसाठी लिहिला होता, आणि तोच तिने वाचला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आई मागच्या अंगणात शेवाळावरून घसरून पडली. हाड मोडलं नाही, नीटसं खरचटलंही नाही. पण घरात कुणी नव्हतं आणि तिला उठता येईना, म्हणून अर्धा तास ती तिथेच बसून राहिली. मी पोचलो तेव्हा ती कोंबड्यांना काहीतरी सांगत होती. मला बघून एवढंच म्हणाली, उशीर केलास. त्या दिवसापासून ती जमिनीवर बसली नाही. गुडघे वयाच्या मानाने ठणठणीत आहेत, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. पण तिच्या मनाने घेतलं होतं, की एकदा खाली बसलं की पुन्हा उठणं नाही. मग पडवीतली निळी प्लॅस्टिकची खुर्ची तिची झाली.

आता आमच्याकडे माणसं भेटतात ती जमिनीवर. भजन सतरंजीवर, हळद मांडवात, बारशाच्या बायका भिंतीला पाठ टेकून, दुःखाला गेलं तरी चटईवर. खुर्ची देतात ती पाहुण्याला नाहीतर पुढाऱ्याला. आईने आधी भजन सोडलं, मग हळदी-बारशी सोडली. कुणी बोलवायला आलं की म्हणायची, मी तिथं एकटी उंचावर काय करू? तांदळाच्या भाकऱ्या ती खाली बसून थापायची. ओट्याशी उभं राहून थापलेल्या तिच्या मनाला येईनात, म्हणून त्याही बंद झाल्या. मला ते बघवत नसे. गावभरच्या लोकांना मी उठाबशा काढायला लावतो आणि माझी आई चार पावलांवरच्या देवळात जात नाही. मी काही शिकवायला गेलो की ती म्हणे, तुला चालायला मी शिकवलं, तू मला नको शिकवू. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

शेवटी लेख दुसऱ्या कुणाकडून तरी परत लिहून घ्यायचे ठरवले. आपलंच लिहिलेलं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, ही गोष्ट पचनी पडायला मला पंधरवडा लागला. शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने एका बाईचा नंबर दिला. मुरबाडच्या पलीकडे, म्हसा रस्त्यावरच्या एका गावात ती राहते. शेती आहे, घरात सासू-सासरे आहेत, आणि ती घरबसल्या लोकांना लिहून देते. लग्नपत्रिका, बचत गटाचे अर्ज, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन, सरपंचांची भाषणं, सगळं. त्या बाजूला कुणाचं भाषण रंगलं की टाळ्या त्याला मिळतात आणि लोक बघतात तिच्याकडे.

तिने माझे दोन लेख फोनवरच वाचले. मग म्हणाली की काम घेते, पण माझी एक रीत आहे. लिहिलेलं ती गुरुवारी बचत गटाच्या बैठकीत, देवळाच्या सभामंडपात मोठ्याने वाचणार. बायका ऐकून तसं करणार. जे त्यांच्याकडून होणार नाही, ते चुकीचं लिहिलंय असं ती धरणार. मी म्हटलं, अहो ताई, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, असू दे की सर, शास्त्राला काय होतंय.

पहिल्याच गुरुवारी शास्त्राची परीक्षा झाली. दंडाच्या व्यायामासाठी मी पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या घ्यायला सांगितल्या होत्या. तिने त्याचं केलं, 'पाण्याने भरलेलं एक भांडं हातात घ्या.' बायकांनी कळशा उचलल्या, सवयीने डोक्यावर ठेवल्या आणि पुढच्या सूचनेची वाट बघत उभ्या राहिल्या. दोघी तर तशाच बोलत बोलत दारापर्यंत चालत गेल्या. तिने मला तिथूनच फोन लावला. "सर, भांडं घ्या म्हटलं की आमच्याकडं ते डोक्यावरच जातं. आता पुढं काय करायचं ते तुमी लिवलेलं नाय." मागे बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मलाही हसू आलं, पण मी ते तिला कळू दिलं नाही.

महिन्याभरात माझ्या मेरुदंडाची पाठ झाली. 'भाताच्या आवणीला वाकता तसं वाका, पण रोपांची मूठ लावून झाली की सरळ व्हा,' असं वाक्य ग्रुपवर पडलं, आणि कसाऱ्याच्या एका मेंबरने ते आपल्या आईला वाचून दाखवल्याचं कळवलं. मोटरसायकलवाल्याने त्या दिवशी फोटो टाकला नाही. मला आनंद झाला आणि थोडं जळलोही. दोन्ही खरं आहे.

मग ती जमिनीवरून उठण्याच्या त्या एका लेखापाशी आली आणि अडली. फोन करून म्हणाली, "सर, बाकी सगळ्या लेखांत तुमी शिट्टी वाजवताय. ह्यात नाय वाजवत. हा कुणासाठी लिवलाय?"

मी सांगून टाकलं. अंगण, कोंबड्या, निळी खुर्ची, भजन, सगळं. इतकं मी बायकोशीही एका दमात बोललो नव्हतो. ती म्हणाली, रविवारी येते.

रविवारी ती किन्हवलीवरून एसटीने आली. हातात शंभर पानी वही, पिशवीत सासूने दिलेली वालाची पापडी. आईने तिला खुर्ची द्यायला सांगितली, पण ती सरळ लादीवर मांडी घालून बसली. आई वर, पाहुणी खाली. आईला ते फारच अवघड झालं, ती सारखी साडी सावरत राहिली. बाईंनी व्यायामाचं नावसुद्धा काढलं नाही. तुमची शेतं कुठे होती, आवणीला किती जणी असायच्या, न्याहारीला बांधावर बसल्यावर उठायच्या कशा, असं विचारत राहिली. आई खुलली. हात हलवत, मान वळवत सांगायला लागली, आणि बाई भराभर लिहीत गेली. मधेच मी शास्त्रीय माहिती पुरवायला तोंड उघडलं, तर मला चहा ठेवायला पाठवण्यात आलं. व्यायामशाळेचा मालक मी, आणि घरात माझं काम चहासाठी आलं किसण्याचं.

आठवड्याने लेख आला. आईच्या सांगण्यावरून लिहिलेला म्हणून मी तो मोठ्या अक्षरात छापून आणला आणि काही न बोलता तिच्या मांडीवर ठेवला. तिने चष्मा लावला. बोट ठेवून सगळा वाचला, परत वाचला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे भलतंच काय लिवलंय? मी असं सांगितलं नाय."

लेखात होतं, की मांडी सोडावी, पाय जवळ घ्यावेत आणि हात टेकून सरळ उभं राहावं. आईचं म्हणणं, असं उठायला गेलं तर म्हातारं माणूस तोंडावर पडेल. मी तिच्यासमोरच बाईंना फोन लावला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. बाईंनी वही काढून बघितली आणि चूक लगेच कबूल केली. गुरुवारच्या बैठकीतल्या बायका सगळ्या तिशी-चाळिशीच्या. त्या वाचल्याबरोबर टुणकन उठल्या. कुशीवर होणं, रांगणं, हे त्यांच्यापैकी कुणी केलंच नाही, कारण कुणाला गरजच पडली नाही. जे त्यांच्याकडून झालं नाही ते बाईंनी आपल्या रीतीप्रमाणे लेखातून काढून टाकलं. नेमकं तेच आईचं होतं.

"मावशी, चुकलं माझं," बाई म्हणाली. "परत एकदा सांगा, मी लिवून घेते."

आईने खुर्चीत बसूनच सांगायला सुरुवात केली. आधी एका कुशीवर व्हायचं. मग हात टेकून गुडघ्यांवर. मग एक पाय पुढे घ्यायचा. बाईंनी विचारलं, ज्या कुशीवर झालो त्या बाजूचा पाय, की दुसरा? आईने डावा हात हवेत फिरवला, मग उजवा. दोन्ही मांड्यांकडे बघितलं. तोंडाने काहीतरी जुळवलं, ते पुन्हा मोडलं. सत्तर वर्षं जे अंगाने केलं, ते तिला बोलून सांगता येईना. पलीकडे बाई पेन धरून थांबली. घाई केली नाही, मी सांगू का असंही म्हणाली नाही.

आईने फरशीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खुर्चीचा हात धरून ती उभी राहिली, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि दोन वर्षांनी माझी आई जमिनीवर बसली.

 मी पुढे होऊन हात दिला.

"हात काढ," ती म्हणाली. "कागद घे. मी करते तसं लिव."

मी चालू फोन फरशीवर ठेवला आणि कागद-पेन घेतलं. आई थोडा वेळ नुसती बसून राहिली. तळहाताने फरशी चाचपली. मला वाटलं, आता घाबरेल. मीच घाबरलो होतो. मग ती डाव्या कुशीवर कलली, दोन्ही हात टेकले, लहान पोर होतं तशी गुडघ्यांवर आली. उजवा पाय पुढे टाकला, दोन्ही हात त्याच मांडीवर रेटले, आणि एक लांब श्वास सोडत उभी राहिली. खुर्चीला हात लावला नाही, मला लावला नाही. पदर खांद्यावरून निसटला होता, तो तिने नीट केला. माझे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही मला सुचलं नाही.

फोनवरून बाई विचारत होती, सर, झालं का, कुठला पाय? 

"सांग की तिला," आई म्हणाली. "काय लिवलंस ते वाच."

मी कागदाकडे बघितलं. कागद कोरा होता.

आईने माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "एक काम सांगितलं तर ते धड नाय," ती म्हणाली, आणि मला नीट दिसावं म्हणून परत खाली बसली.