उचलू नका

न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या स्टेशनावरची लिफ्ट त्या सकाळी बंद होती. व्हीलचेअरमधले ते अरब गृहस्थ जिन्याशी थांबले होते. ते रोज दिसायचे. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. लिफ्टचं बटण दाबलं की आत काही हलतंय का बघायला दारावर तळहात टेकवायचे.

मी आणि माझा कलीग पुढे झालो. "सर, आम्ही उचलतो ना. दोन मिनिटांचं काम आहे."

त्यांनी दोन्ही चाकं घट्ट धरली. "उचलू नका."

मग शांतपणे म्हणाले, "आमच्या देशात अपंगांसाठी कायदा उत्तम आहे. तो पाळतात का हे बघणाऱ्या सरकारी समितीत मी होतो. जाऊ त्या ऑफिसातले शिपाई मला खुर्चीसकट वर न्यायचे. प्रेमाने न्यायचे, वर कॉफी पाजायचे. मग तिथले साहेब रिपोर्ट द्यायचे, व्हीलचेअरवाला माणूस वर पोचला, अडचण नाही. उचललं की जिना तसाच राहतो."

मला त्यांचा रागच आला. एवढ्या थंडीत कसला हा हट्ट! तेवढ्यात गाडी आली आणि आम्ही धावत वर गेलो.

लिफ्ट पुढेही बंदच राहिली. ते रोज वेळेवर यायचे, थंड दारावर तळहात टेकवायचे आणि गाडी गेली की खुर्ची वळवून परत जायचे. आम्ही मान हलवून 'गुड मॉर्निंग' म्हणायचो. आमचं काहीच अडलं नव्हतं.

आम्हाला जिना होता.